पत आणि तारीख

क्रेडिट म्हणजे पत. आणि पत म्हणजे मिळकत नव्हे. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली निघाली. आपल्या गुडीहत्नूरकडील कापूस पिकविणाऱ्यासारख्यास बी-खतासाठी सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा तिचा हेतू. ठरलेल्या मर्यादेत लागेल तेव्हा रक्कम उचलावी व उचलली तेवढ्यावरच व्याज द्यावे, अशी तिची रीत आहे.

आता हिशेब पाहू. वर्षासाठी १,००,००० रुपये घेतले. शेकडा ७ दराने व्याज ७,००० रुपये. मुदतीत फेडणारास शेकडा ३ ची सूट मिळते. त्यास ४,००० रुपयेच पडतात. तारीख चुकली की ही सूट गेली. हीच रक्कम सावकाराकडून दरमहा शेकडा २ ने आणली, तर वर्षाचे व्याज २४,००० रुपये होते!

म्हणून पेरणीचा पैसा लग्नकार्यात घालू नये. फेडीची तारीख घरातील सर्वांस ठाऊक असावी. कापसाचे पैसे हाती येताच प्रथम बँकेचा भरणा करावा. थकबाकी राहिली तर पुढील पेरणीस बँकेचे दार मिटते; सावकाराचे मात्र उघडेच असते.