पस्तिशीनंतरची वर्दी

सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून स्वाती महाडिक लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. घरी दोन मुलं होती. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले होते. वयाच्या अटीत खास सवलत मिळवून त्या अकादमीत गेल्या आणि विशीतल्या मुलामुलींच्या बरोबरीने जवळजवळ वर्षभर घाम गाळला.

अशी सवलत सर्वांना मिळत नाही. अग्निवीर भरतीचं वय उलटून गेलेल्या नोकरदारांसाठी मात्र प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा दरवाजा उघडा असतो. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तिचं उद्घाटन झालं. अधिकारीपदासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि पोटापाण्याची नोकरी किंवा व्यवसाय असावा लागतो. सचिन पायलट केंद्रात मंत्री असताना २०१२ मध्ये याच मार्गाने लेफ्टनंट झाले. निवड झाल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचं प्राथमिक प्रशिक्षण असतं, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिने चेन्नई.

पश्चिम महाराष्ट्रातल्या अडतिशीच्या एका प्राध्यापकांनी याच अधिकारीपदाच्या परीक्षेची तयारी केली. कॉलेजात एनसीसी केलेली, त्यामुळे मैदानाची भीती नव्हती. लेखी परीक्षा पार पडताच ते पहाटे डांबरी रस्त्यावर पळू लागले. थोड्याच आठवड्यांत पाच किलोमीटर एका दमात होऊ लागले. दम लागत नाही म्हटल्यावर त्यांनी पाठीवर वजन घेतलं. नडगी ठणकायला लागली, तेव्हा मलम चोळून आणि वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा रस्ता धरला. एक्स-रे साफ आला, म्हणून धावणं चालूच राहिलं. पुढे एमआरआयमध्ये हाडाला तडा दिसला आणि ती संधी हातची गेली.

नव्या उमेदवारांना ते आता पहिली गोष्ट सांगतात ती हीच: दम वाढला म्हणजे हाडं तयार झाली असं नाही.

यामागे साधं शरीरशास्त्र आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र महिने घेतात. नवा भार पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग झिजवतं आणि मग त्या जागी नवं हाड भरतं. मधल्या काळात हाड उलट कच्चं असतं, आणि उमेदवार नेमका तेव्हाच उत्साहाने अंतर वाढवत असतो. लष्कराला हे दुखणं जुनं आहे. लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइथाउप्ट यांनी १८५५ मध्येच केलं होतं.

दुखणं ओळखण्याची एक खूण आहे. नडगीवरून अंगठा दाबत वरून खाली यावं. लांब पट्ट्यात हलकं ठणकत असेल तर बहुधा स्नायूंचा ताण असतो. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ उठत असेल, त्या पायावर उडी मारताना ती वाढत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवावं आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. अशा तड्यात पहिले काही आठवडे एक्स-रे साफ दिसू शकतो.

म्हणून तयारी परीक्षेच्या निकालानंतर नको, फॉर्म भरण्याच्याही आधी, निदान सहा महिने सुरू व्हावी. सुरुवात भरभर चालण्याने करावी. मग एक दिवसाआड मातीच्या मैदानावर धावावं आणि मधल्या दिवशी बैठका, जोर, दोरीवर चढण्यासाठी हातांची ताकद. अंतर आणि वजन दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. बूट नवे कोरे घालून शिबिराला जाऊ नये, आधी घरी चालून मऊ करावेत. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा अशा तड्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं होतं. चाळिशीजवळच्यांनी हृदयाची तपासणी आधी करावी. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

घराची तयारीही यातच मोडते. तीन महिने सलग बाहेर राहायचं असेल तर रजा, हप्ते, मुलांच्या शाळा आणि आई-वडिलांची औषधं यांची व्यवस्था आधीच लिहून जोडीदाराच्या हाती द्यावी.

आणि शिबिरात गेल्यावर? सोबतचे पोरगेलेसे दिसतात, त्यांच्यासमोर कमी पडू नये म्हणून वयस्क प्रशिक्षणार्थी दुखणं लपवतात. उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, त्याच दिवशी सांगितलं तर एमआय रूममध्ये, म्हणजे लष्करी तपासणी कक्षात, तपासणी होते आणि काही दिवस हलकी कामं मिळू शकतात. लपवलं आणि तडा वाढला, तर पुढचे काही आठवडे कुबड्यांवर जातात आणि सगळं प्रशिक्षण पुढच्या तुकडीबरोबर करावं लागू शकतं.