मार्गदर्शक पडदा मुका होतो तेव्हा

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, मानसगंगोत्रीचा विद्यापीठ परिसर मागे पडला की बोगादी लागते. या मानसगंगोत्रीतच १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. मूल बोलत नसेल तर त्याच्या वाचेतच दोष आहे, असे वाचाशास्त्राचे तज्ज्ञ लगेच ठरवीत नाहीत. प्रथम त्याला ऐकू येते की नाही, हे तपासले जाते. मोटारीतील मार्गदर्शक पडदा अबोल झाला असता हाच क्रम उपयोगी पडतो. समजा, बोगादीजवळच्या रिंग रोडवर एखाद्या मोटारीतील नकाशा एकाएकी नाहीसा झाला आणि पडद्यावर ‘संपर्क नाही’ अशी सूचना उमटली. अशा वेळी पडदाच बदलून टाकण्याचा मोह होतो. परंतु हा भाग महाग असतो. आणि दोष अन्यत्र असेल तर नवा पडदाही जुन्यासारखाच मुका राहतो.

म्हणून प्रथम लक्षणांचा विचार करावयास हवा. नकाशा दिसतो, पण गाडीचे चिन्ह जागचे हलत नाही, असे असेल तर संशय उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवर किंवा ते टिपणाऱ्या अँटेनावर जातो. जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि स्थान निश्चित करण्यासाठी त्यांपैकी निदान चारांचे संकेत मिळावे लागतात. पडदा पूर्णपणे काळा असेल तर प्रथम फ्यूज व वीजपुरवठा तपासावा. पडदा उजळलेला आहे, परंतु मार्गदर्शक यंत्राचे त्याच्याशी बोलणे खुंटले आहे, अशी तिसरी अवस्था असेल तरच तिला संपर्कदोष म्हणता येईल.

हे बोलणे कसे चालते? बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली ‘कॅन’ नावाची संदेशपद्धती जाहीर केली. तीत एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांवरून अनेक यंत्रे आळीपाळीने संदेश पाठवितात. वेगवान प्रकारच्या कॅनमध्ये विश्रांतीच्या वेळी दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. संदेश जाताना एकीवरील दाब ३.५ व्होल्टपर्यंत चढतो व दुसरीवरील १.५ व्होल्टपर्यंत उतरतो. ग्राहक यंत्र या दोहोंमधील फरक तेवढा वाचते. बाहेरचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच परिणाम करतो. त्यामुळे फरक कायम राहतो व संदेश बिघडत नाही.

या मुख्य वाहिनीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध जोडलेला असतो. ते समांतर असल्यामुळे दोन तारांमध्ये मापकाने ६० ओहम दाखविले पाहिजेत. मापन बॅटरी सोडवूनच करावे. वीज चालू असता मिळणारा आकडा फसवा असतो. १२० ओहम आल्यास वाहिनी कोठे तरी तुटली आहे, किंवा एका टोकाचा रोध निकामी झाला आहे. आकडा शून्याजवळ आल्यास दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. एअरबॅगच्या तारांना मात्र मापक कदापि लावू नये.

येथेच एक चूक सहज घडते. निदानजोडणीच्या ६ व १४ क्रमांकांच्या टोकांवर ६० ओहम मिळाले, म्हणून वाहिनी निर्दोष व पडदा सदोष, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः पडदा बहुधा मुख्य वाहिनीच्या आखूड शाखेवर असतो. ती शाखा तुटली तरी टोकांचे रोध जागच्या जागी राहतात आणि आकडा ६०च येतो. शिवाय अनेक मोटारींत निदानजोडणी व पडद्याची वाहिनी यांच्यामध्ये एक द्वारयंत्र असते. तेव्हा त्या आकड्याचा पडद्याच्या वाहिनीशी संबंधच नसतो. यास्तव पडद्यामागील प्लग काढून तारांच्या बाजूस पुन्हा मापन करावे. तेथेही ६० ओहम मिळाले, तरच वाहिनी पडद्यापर्यंत अखंड आहे असे म्हणता येते. त्यानंतर बॅटरी जोडून त्याच प्लगच्या वीजपुरवठ्याच्या टोकांवर लहान दिवा लावून दाब मोजावा. गंजलेली तार नुसत्या मापकास १२ व्होल्ट दाखविते, पण दिव्याचा भार पडताच तिचे दौर्बल्य उघड होते.

यंत्रात साठलेले दोषसंकेतही याच दृष्टीने वाचावेत. ‘यू’ अक्षराने सुरू होणारा संकेत बहुधा संपर्काविषयी असतो. ‘अमुक यंत्राचा आवाज ऐकू आला नाही’, ही दुसऱ्या यंत्राने केलेली तक्रार असते; ते यंत्र बिघडल्याचा पुरावा नव्हे. तक्रार एकाच यंत्राविषयी असेल तर ते यंत्र, त्याची शाखा किंवा त्याचा वीजपुरवठा तपासावा. अनेकांविषयी असेल तर मुख्य वाहिनी.

काही मोटारींत तारांऐवजी प्रकाशतंतूंचे वलय असते. २००१ च्या बी.एम.डब्ल्यू. ७ मालिकेत ‘मोस्ट’ नावाची अशी योजना प्रथम आली. तेथे तांबडा प्रकाश एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. एकही दुवा तुटला की सारे वलय मूक होते. मग एकेक यंत्र वगळून तंतू जोडून पाहिले जातात. ज्याला वगळताच वलय पुन्हा बोलू लागते, त्या यंत्रात किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात दोष शोधावा.

तात्पर्य, वीज पोहोचते, वाहिनी अखंड आहे, संदेशही दारापर्यंत येतो आणि तरीही उत्तर मिळत नाही, एवढे सिद्ध झाल्यावरच पडद्यास दोषी ठरवावे. कान तपासल्यावाचून वाचेविषयी निर्णय देऊ नये, हा नियम येथेही तितकाच खरा आहे.