वयात येणाऱ्या मुलांच्या हाती आरसा



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातला देव्हारा काढला. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. सकाळ-संध्याकाळ त्रिशरण-पंचशील म्हणू लागलो. हे थोरांचे झाले. परंतु त्याच घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वाढत असते, आणि तिच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: मी कोण, आणि मी काय होणार? या प्रश्नाकडे घराने पाठ फिरवली, तर त्याचे उत्तर नाक्यावरची टोळी देते, हातातला मोबाईल देतो, आणि वर्गात आडनाव ऐकून तोंड फिरवणारा देतो. त्यातले एकही उत्तर मुलाच्या हिताचे नसते. म्हणून या पाठात आपण किशोरवयाचा विचार धम्माच्या आधारे करू.

१. हे वय ओळखा

साधारणपणे १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानतात. या काळात मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते. मुलीला पाळी सुरू होते. शरीर झपाट्याने वाढते, पण परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. म्हणून या वयात राग लवकर येतो, लाज फार वाटते आणि आई-बापांपेक्षा मित्राचा शब्द मोठा वाटतो. ही कुणाची नजर नव्हे की मागच्या जन्मीचे पाप नव्हे. हा निसर्गाचा नियम आहे. तेव्हा भगताकडे जाऊ नका, गंडा-दोरा बांधू नका, मुलाशी बोला.

मुलीच्या पाळीबद्दल तर स्पष्टच सांगितले पाहिजे. पाळी म्हणजे विटाळ नव्हे. ज्या विटाळाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच विटाळ आपण आपल्या लेकीवर लादायचा काय? तिला कोपऱ्यात बसवू नका. बुद्धवंदनेला ती नेहमीसारखी बसेल.

२. राहुलाला मिळालेला पाठ

राहुल हा तथागतांचा पुत्र. तो लहानपणीच संघात आला. परंपरेप्रमाणे तो सात वर्षांचा असताना तथागतांनी त्याला अंबलट्ठिका येथे एक उपदेश केला. आधी सांगितले की थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. मग विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा तथागतांनी त्याला समजावले की आरशात जसे तोंड पाहावे, तसे आपले प्रत्येक कर्म पाहावे. ते तीनदा पाहायचे: करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. यात माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित आहे काय, हे विचारायचे. अहित दिसले तर आधी असल्यास करू नये, मध्ये असल्यास थांबावे; करून झाले असल्यास जाणत्या माणसाला सांगावे आणि पुढे तसे करू नये. हित दिसले तर आनंदाने तसेच चालू ठेवावे.

इथे कोणाचा धाक नाही की नरकाची भीती नाही. ‘मी सांगतो म्हणून ऐक’ असेही नाही. मुलाला त्याच्याच कर्माचा परीक्षक केले आहे. स्वतःला ओळखणे ते हेच.

पुढे राहुल अठरा वर्षांचा झाला. अट्ठकथा सांगते की एकदा तथागतांच्या मागून चालताना आपण किती देखणे आहोत, असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला रागावले नाही. हे रूप म्हणजे ‘मी’ नव्हे, हे समजावले. आणि पृथ्वीसारखे मन कर, असे सांगितले. पृथ्वीवर लोक चांगलेही टाकतात आणि घाणही टाकतात, पण ती ढळत नाही. रंगावरून, उंचीवरून, कपड्यांवरून स्वतःची किंमत ठरवणाऱ्या आजच्या मुलामुलींना हा उपदेश जसाच्या तसा लागू आहे. मात्र याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा नाही. शिवी देणाऱ्याच्या शब्दावरून स्वतःला हीन समजू नये, आणि मन स्थिर ठेवून अन्यायाशी लढावे, असा आहे.

३. बाबासाहेबांच्या चार रात्री

बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्यातील बालपणाची एक आठवण सांगून ठेवली आहे. त्यांची आई लहानपणीच गेली होती. आत्याने सांभाळ केला. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. साताऱ्याच्या मुलांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळते, हे त्यांनी ऐकले होते. पण मुंबईच्या भाड्याला पैसे कुठले? शेजारी झोपलेल्या आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढून घ्यायचे ठरले. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. तिच्यात निघाला अर्धा आणा!

त्या चार रात्रींनी त्यांना अंतर्मुख केले. असल्या लाजिरवाण्या मार्गाने पैसे मिळवण्याचा विचार त्यांनी सोडला. कसून अभ्यास करायचा, लवकर परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असा निश्चय केला. उनाडक्या सुटल्या. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

स्वावलंबनाची इच्छा वाईट नव्हती, मार्ग वाईट होता. त्यांनी इच्छा ठेवली आणि मार्ग बदलला. राहुलाचा आरसा असाच वापरायचा असतो.

४. सातपूरच्या घरांत

आता आपल्या घराकडे या. १९६० च्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि गावोगावची आपली माणसे पोटासाठी इथे आली. श्रमिकनगर, अशोकनगर, प्रबुद्धनगर या वस्त्यांतील मुले कारखान्याचा भोंगा ऐकत मोठी झाली. आजही सोळा वर्षांचा मुलगा पाहतो की शेजारचा मित्र शाळा सोडून ठेकेदाराकडे जातो आणि चार महिन्यांत हप्त्यावर मोटारसायकल घेतो. त्याला वाटते, आपणही जावे. साताऱ्याच्या त्या मुलासारखेच हे आहे.

त्याला रागावू नका. श्रम हलके नाहीत; आपण श्रमाचीच भाकरी खातो. त्याच्यापुढे आरसा धरा. ठेकेदाराचे काम उद्या सुटले तर हाती काय राहील? चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर घेणे कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक आहे काय? मशीनवरच काम करायचे असेल, तर त्र्यंबक रस्त्यावर सातपुरातच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. दहावीनंतर तिथे रीतसर कारागिरी शिकता येते. मित्र गेला म्हणून जाणे वेगळे आणि विचार करून, शिकून जाणे वेगळे.

मुलीच्या बाबतीतही हाच न्याय लावा. सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: पापापासून परावृत्त करणे, कल्याणाच्या मार्गाला लावणे, विद्या-कला शिकवणे, योग्य विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. विवाहाच्या आधी शिक्षण आले आहे, हे ध्यानात ठेवा. अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. पण अठरावे लागताच उजवण्याची घाई करणे हेदेखील धम्माला धरून नाही.

५. थोरांसाठी

आपली चूक सांगण्याचे धैर्य राहुलाला होते, कारण ऐकणारा करुणावान होता. आपल्या घरात चूक कबूल करणाऱ्या मुलाला काय मिळते, चपराक की सोबत? चपराक मिळत असेल तर ते मूल खोटे बोलायला शिकेल, आणि ते आपणच शिकवलेले असेल. आणि हा आरसा एकट्या मुलाचा नाही. रात्री पिऊन आलेल्या बापाने सकाळी मुलाकडून पाचवे शील म्हणवून घेतले, तर मूल शील शिकत नाही, ढोंग शिकते.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. शाळेत कोणी जात विचारली तर खाली पाहू नका. मी बौद्ध आहे, असे शांतपणे सांगा. तुम्ही कोण आहात हे तुमच्या आडनावावरून ठरत नाही. तुम्ही काय करता, यावरून ठरते.

घरी करावयाचा अभ्यास

एक वही घ्या. आठ दिवस, झोपण्यापूर्वी, घरातील प्रत्येकाने, मुलाने आणि आई-वडिलांनीही, पुढील उत्तरे लिहावीत. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, मुलाने लिहावे.

(१) आज मी केलेल्या कोणत्या एका कृत्याने कोणाचे हित झाले?
(२) कोणत्या कृत्याने माझे किंवा दुसऱ्याचे अहित झाले? ते मी कोणाला सांगितले?
(३) आज कोणती गोष्ट मी केवळ मित्र, शेजारी किंवा नातेवाईक काय म्हणतील म्हणून केली?
(४) उद्या मी काय बदलणार?

आठव्या दिवशी बुद्धवंदनेनंतर सर्वांनी एकत्र बसून वही वाचावी. कोणी कोणाला हसू नये, कोणी कोणाला मारू नये. वाचनाची सुरुवात वडिलांनी करावी.

जयभीम!