जपून ठेवलेल्या ईमेलची सही

टूवूंबातलं भाड्याचं घर सोडताना आमचा अनामत रकमेवरून वाद झाला. न्हाणीघरातल्या गळतीने भिंत फुगली होती. तिचा खर्च तुमच्याकडून घेणार नाही, असं एजंटच्या कार्यालयाने ईमेलने कळवलं होतं. पुढे त्यांनीच सादर केलेल्या छापील प्रतीत मात्र ते वाक्य नव्हतं. क्वीन्सलँडमध्ये अनामत रेसिडेन्शियल टेनन्सीज ऑथॉरिटीकडे जमा असते. तिथे समेट झाला नाही तर क्यूकॅट या न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. अशा वेळी प्रश्न एकच उरतो: खरी प्रत कोणाची?

कागदावरची प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट याचं उत्तर देऊ शकत नाही. फॉरवर्ड केलेला ईमेलही नाही, कारण तो नवाच संदेश असतो. उत्तर मूळ फाइलमध्ये असतं. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून ती उतरवून घेता येते. तिच्या शीर्षभागात ‘डीकिम सिग्नेचर’ दिसते. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा गणिती ठसा काढतो आणि आपल्या खासगी किल्लीने सही करतो. जोडीची सार्वजनिक किल्ली सही करणाऱ्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत असते. मजकुरातला एक शब्द बदलला तरी ठसा जुळत नाही.

त्याच फाइलमध्ये ‘डीकिम पास’ अशीही ओळ असते. पुरावा म्हणून ती कधीच पुढे करू नका. ईमेल पोचताना आपल्या मेलसेवेने लिहिलेली ती साधी नोंद आहे. जतन केलेल्या फाइलमध्ये ती कोणीही टाइप करू शकतो. पडताळणी नव्याने करायची असते. थंडरबर्डला जोडता येणारं ‘डीकिम व्हेरिफायर’ किंवा पायथनचं ‘डीकेआयएमपाय’ हे काम करतं.

आमची फाइल पहिल्यांदा तपासली तेव्हा सही जुळली. वाद लांबला आणि तीच फाइल ‘किल्ली सापडत नाही’ असं सांगू लागली. दरम्यान जुनी किल्ली काढून टाकली गेली होती. यात लबाडी नसते. किल्ल्या बदलायलाच हव्यात: 2012 मध्ये झॅकरी हॅरिस या गणितज्ञाने गूगलची 512 बिटांची किल्ली फोडली होती. डीकिम मुळात ईमेल पोचेपर्यंतच्या प्रवासासाठी बनलेली आहे, वर्षानुवर्षांच्या पुराव्यासाठी नाही. मॅथ्यू ग्रीन या संशोधकाने तर 2020 मध्ये गूगलला जुन्या खासगी किल्ल्या जाहीर करायला सांगितलं, म्हणजे चोरलेल्या ईमेलांचा खरेपणा कोणाला सिद्धच करता येऊ नये.

आम्हाला तारलं ते एका परिचित संगणकतज्ज्ञाने. किल्ली जिवंत असतानाच त्यांनी फाइल तपासून किल्लीची नोंद आणि तारखेसह लेखी टिपण स्वतःकडे ठेवलं होतं. ते पाहिल्यावर कार्यालयाने मागणी सोडली. म्हणून महत्त्वाचा ईमेल आला की त्याच आठवड्यात तिऱ्हाइताकडून पडताळून घ्या; आपणच टिपलेल्या किल्लीवर समोरचा शंका घेऊ शकतो.

सही जुळली तरी थांबू नका. सहीच्या ओळीत ‘डी’ या खुणेसमोरचं डोमेन पाठवणाऱ्याचंच आहे ना, ‘एच’च्या यादीत तारीख आणि विषय आहेत ना, हे बघा. ‘एल’ ही खूण असेल तर मजकुराचा सुरुवातीचा भागच सहीखाली येतो. पुढे कोणी ओळी वाढवल्या तरी सही जुळतेच. शिवाय ही सही सर्व्हरची, माणसाची नव्हे. रक्कम मोठी असेल तर ईमेलवर न थांबता सही केलेलं पत्रच मागा.