अर्ज नेमका कुठे अडला आहे?
(शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या मुलांना साथ देणाऱ्यांसाठी अभ्यासपाठ)



दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातच्या वाटेला लागतात. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक मुलगी माझ्या दारात आली. हातात कपड्यांची पिशवी होती. जिल्ह्याच्या गावी ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती आणि तिच्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

"बाई, पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती अजून आली नाही," ती म्हणाली. "खानावळीचे पैसे थकलेत. कॉलेजात फी मागतात. बाने उचल घेतलीय, माणूस कमी पडतोय. मी पण जाते तोडीला. पैसे आले की परत येईन."

तोडीला गेलेली मुलगी वैशाखात परत येते, तोपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मी तिला म्हटले, "दोन दिवस थांब. तुझा अर्ज कुठे अडलाय ते तर बघू."

तिच्याकडे पासवर्ड नव्हता. तो सायबर कॅफेवाल्याच्या वहीत होता. तिथून तो घेतला आणि महाडीबीटी पोर्टल उघडले. तिथे रक्कम दिल्याची नोंद होती! मग आधारच्या संकेतस्थळावर तिचे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते पाहिले. तिने कधी न ऐकलेल्या बँकेचे नाव दिसले. बराच वेळ विचार केल्यावर तिला आठवले, की बाजारात मोबाईलचे सिम घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. एक अंगठा सिमसाठी होता आणि दुसऱ्याने तिच्या नकळत खाते उघडले गेले होते. पैसे चार महिन्यांपासून त्या खात्यात पडून होते.

मुलगी तोडीला गेली नाही. पण ती माझ्याकडे न येता थेट ट्रॅक्टरवर बसली असती, तर "सरकारने पैसे दिले नाहीत" एवढेच आपण म्हणत राहिलो असतो. शिष्यवृत्ती आली नाही असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न असावा: अर्ज नेमका कुठे अडला आहे? तो कसा शोधायचा, हे या पाठात पाहू.

अर्जाचा प्रवास

दहावीनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. महाराष्ट्रात या योजनेचा ७५ टक्के खर्च केंद्र सरकार आणि २५ टक्के राज्य सरकार उचलते. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची राज्याची वेगळी योजना आहे, ती पाहावी. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच होतो.

हा अर्ज पाच ठिकाणांहून जातो:

१. विद्यार्थी पोर्टलवर आपली माहिती भरतो, कागदपत्रे चढवतो आणि योजना निवडून अर्ज पाठवतो.
२. कॉलेजातील शिष्यवृत्ती लिपिक अर्ज तपासतो.
३. प्राचार्यांच्या लॉगिनमधून अर्ज पुढे जातो.
४. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात मंजुरी मिळते. तळोदा, धारणी, जव्हार, घोडेगाव, किनवट, भामरागड अशा ठिकाणी ही कार्यालये आहेत.
५. मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

अर्ज आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये दिसते. लिपिकाकडे पडून असलेल्या अर्जासाठी प्रकल्प कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. म्हणून घराबाहेर पडण्याआधी पोर्टल पाहावे.

अर्ज बहुधा कुठे अडतो?

मोबाईल नंबर. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बरेचदा सुरतला गेलेल्या भावाचा असतो, किंवा सिम केव्हाच बंद पडलेले असते. आधार केंद्रात नंबर बदलून मिळतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सोय असलेले पोस्टमनही हे काम करतात. पाड्यावर येणाऱ्या पोस्टमनला विचारावे, तालुक्याची खेप वाचते.

नाव आणि जन्मतारीख. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेला असतो. आधारवर १ जानेवारी असते किंवा नुसते वर्ष असते. इंग्रजीत आडनावाचे स्पेलिंग गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरेच असते. माणसाला ही चूक किरकोळ वाटते, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे होतात. दुरुस्ती करताना घाई करू नये. आधारवरील नाव साधारणपणे दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून, तिच्याप्रमाणेच बदल करावा.

बँक खाते. आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे काम झाले, असे मुले समजतात. सरकारी पैसे जमा होण्यासाठी वेगळी संमती देऊन खाते आधारशी जोडावे लागते. एकापेक्षा जास्त खाती असली, तर शेवटी जोडलेल्या खात्यातच पैसे जातात. वरच्या मुलीचे असेच झाले. आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. दोन वर्षे काहीच व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते. तसेच पूर्ण केवायसी न झालेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही.

परत आलेला अर्ज. हे सर्वांत दुःखाचे कारण आहे, कारण ते सहज टाळता येते. कागद अस्पष्ट असला, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असली, तर अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत येतो. मूल मात्र एकदा अर्ज भरला की पुन्हा लॉगिन करून पाहत नाही. दुरुस्तीची तारीख निघून जाते आणि ते वर्ष हातचे जाते. महिन्यातून दोनदा पोर्टल पाहण्याची सवय लावावी.

नूतनीकरण. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली की पुढे ती आपोआप येत राहील, असा समज आहे. तसे नाही. दर वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते.

जात वैधता. नर्सिंग, अभियांत्रिकी, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याची पडताळणी समिती करते आणि तिला वेळ लागतो. म्हणून अकरावीतच त्याचा अर्ज करावा. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर काय? गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि जमिनीचे जुने कागद शोधावेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडावी.

पोर्टल चालत नसेल तर

शेवटच्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र एकाच वेळी पोर्टलवर येतो. पान उघडत नाही, भरलेली माहिती पुसली जाते. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा. कागद आधीच स्पष्ट स्कॅन करून ठेवावेत आणि पडद्यावर सांगितलेल्या आकारातच फाइल चढवावी. चूक दिसली तर तारीख व वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो घ्यावा. पुढे तक्रार करावी लागली, तर "आम्ही वेळेत प्रयत्न केला होता" याचा तोच पुरावा होतो.

आपल्या अभ्यासक्रमाचे नाव यादीत दिसत नसेल, तर दुसरे जवळचे नाव निवडू नये. ती नोंद कॉलेजने पोर्टलवर करायची असते. लिपिकाला भेटून तसे लेखी कळवावे.

उशीर झाला तर

तोंडी विचारणे चांगले, पण लेखी अर्ज त्याहून चांगला. आधी कॉलेज, मग प्रकल्प अधिकारी, त्यानंतर विभागाचे अपर आयुक्त, असा क्रम ठेवावा. अर्ज लहान असावा. नमुना असा:

"माझा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज (क्रमांक ...) दिनांक ... रोजी ऑनलाइन सादर केला आहे. पोर्टलवर तो दिनांक ... पासून आपल्या कार्यालयाकडे प्रलंबित दिसतो. त्यात त्रुटी असल्यास लेखी कळवावी, नसल्यास पुढील कार्यवाही करावी, ही विनंती. सोबत: अर्जाची प्रत, पोर्टलवरील स्थितीची प्रत."

दोन प्रती कराव्यात. एक द्यावी, दुसरीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखलाच मिळत नसेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो. अर्जाची पावती जरूर मागावी. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

फी थकली म्हणून कॉलेज मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवत असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये त्याला मनाई केली आहे, हे नम्रपणे प्राचार्यांच्या लक्षात आणून द्यावे. नम्रपणे, कारण त्याच कॉलेजात मुलाला पुढची दोन वर्षे काढायची असतात. लिपिकही बहुतेक वेळा एकटाच शेकडो अर्ज पाहत असतो. व्यवस्थित लावलेली फाइल त्याच्यापुढे ठेवली, की त्याचेही काम हलके होते.

वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजनेची चौकशी करावी. निवास, भोजन व शैक्षणिक साहित्यासाठी ती मदत आहे आणि तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

आपण काय करू शकतो?

अनेक हितचिंतक विचारतात, "एखाद्या मुलाची फी आम्हीच भरली तर?" ही भावना मोलाची आहे. पण शिष्यवृत्ती हा त्या मुलाचा हक्क आहे. आपल्या देणगीने त्याची जागा घेऊ नये. हक्काचे पैसे येईपर्यंत मूल वर्गात टिकावे, यासाठी आपली मदत असावी. प्रवासभाडे, दोन महिन्यांची खानावळ, परीक्षेचा अर्ज: अडचण बहुधा एवढीच असते. ही मदत हातउसनी म्हणून द्यावी. शिष्यवृत्ती आल्यावर परत आलेले पैसे पुढच्या मुलाच्या कामी येतात, आणि घेणाऱ्याची मान ताठ राहते.

पैशांखेरीज करण्यासारखे पुष्कळ आहे. तरुण संघाने जून-जुलैत एक रविवार ठरवावा. भक्तीनंतर दोन तास लॅपटॉप घेऊन बसावे आणि मंडळीतल्या व आसपासच्या पाड्यांवरच्या मुलांचे आधार, मोबाईल नंबर आणि बँक खाते तपासून द्यावे. निवृत्त शिक्षकांनी आणि बँकेत काम केलेल्यांनी एकेका मुलाची जबाबदारी घ्यावी. प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. तिच्यात अर्ज क्रमांक, युजरनेम, प्रत्येक भेटीची तारीख आणि काय उत्तर मिळाले, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे. पासवर्ड मात्र त्याच्याकडेच राहू द्यावा. आपण शेजारी बसावे, माउस त्याच्या हातात असावा.

त्या मुलीने पुढे आपले आधार स्वतःच्या बँक खात्याशी जोडून घेतले. दुसऱ्या वर्षाचा अर्ज तिने स्वतः भरला. मागच्या जूनमध्ये ती आली तेव्हा तिच्यासोबत पाड्यावरच्या तीन मुली होत्या. "बाई, तुम्ही बसा," ती म्हणाली, "यांचे मी बघते." आणि तिने पहिल्या मुलीला विचारले, "सिम घेताना अंगठा किती वेळा दिलास?"

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा शेजारच्या पाड्यावर बारावीनंतर शिकणारी किती मुले आहेत? त्यांपैकी कोणाचा अर्ज अडला आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?
२. मागील वर्षी ज्याने शिक्षण सोडले, त्याचा अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला होता?
३. येत्या महिन्यात आपण कोणत्या एका मुलासोबत पोर्टल उघडून बसणार आहोत?