संशोधनाच्या वाटा : प्रवरेच्या खोऱ्यातून

बारावीचे निकाल हाती आल्यावर अहिल्यानगर जिल्ह्यातील घराघरांत जी चर्चा सुरू होते, तिचा विषय बहुधा वैद्यकी आणि अभियांत्रिकी यांच्यापलीकडे जात नाही. आणि या दोहोंपैकी एकही साधणार नाही असे दिसू लागले, म्हणजे उरलेल्या सर्व विद्याशाखांवर ‘नुसते बी.ए.’ किंवा ‘नुसते बी.एस्सी.’ असा एकच शिक्का मारून पालक हताश होतात. त्यांची चिंता अनाठायी आहे असे कोणी म्हणू नये. ज्याने कोरडवाहू जमिनीच्या बेभरवशाच्या उत्पन्नातून मुलांच्या शिक्षणाची तजवीज केली, त्याला त्या शिक्षणाच्या अखेरीस उपजीविकेची शाश्वती आहे काय, असे विचारण्याचा पुरता अधिकार आहे. परंतु हा अधिकार बजावण्यापूर्वी विद्यापीठांतून संशोधन म्हणून जे चालते त्याची व्याप्ती केवढी आहे, आणि त्यात विज्ञान, कायदा व मानव्यविद्या यांचा परस्परांशी संबंध कोणता आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आणि त्यासाठी दूरदेशीच्या विद्यापीठांकडे पाहण्याची गरज नाही, कारण त्याची उत्तम उदाहरणे प्रवरेच्या खोऱ्यातच आहेत.

प्रथम पाण्याचा प्रश्न घेऊ. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी अवर्षणाच्या या मुलखाचे रूप पालटू लागले. सरकारी तिजोरीत पाणीपट्टीचा किती भरणा झाला एवढ्यावरच कालव्याचे यश मोजावे, की त्या पाण्यामुळे मजुराला मिळालेले काम, पेठांतून वाढलेला व्यापार आणि एकंदर मुलखाला आलेली स्थिरता यांचाही हिशेब मांडावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा होता. आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्याचा शास्त्रशुद्ध विचार केला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीस जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली पार पडला, त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ होते. ज्या विद्येला आपण पुस्तकी म्हणून बाजूला सारतो, ती विद्या कारखान्याच्या जमाखर्चापर्यंत आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कशी पोहोचते, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याचे कारण नाही.

पाणी आले, त्याबरोबर त्याचे उपद्रवही आले. पाटाच्या पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे काळ्या जमिनी चोपण होऊ लागल्या, आणि येथे अर्थशास्त्राचे काम मृदाशास्त्राने व वनस्पतिशास्त्राने पुढे नेले. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ऊस, ज्वारी, डाळिंब, गहू अशा पिकांचे जे वाण ‘फुले’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती दिले, त्यांपैकी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून निघालेला ‘फुले २६५’ हा वाण चोपण जमिनीतही तग धरतो म्हणून विशेष गाजला. होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन वंशांच्या संकरातून सिद्ध झालेली ‘फुले त्रिवेणी’ गायही याच विद्यापीठाची देणगी होय. असा एक वाण किंवा एक वंश सिद्ध होण्यासाठी संकर, निवड, चाचणी आणि पुन्हा निवड अशी कित्येक वर्षे खर्ची पडतात. म्हणून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने बुद्धीइतकीच चिकाटीही आपल्यापाशी आहे काय, हे आधी पाहावे.

तथापि पाणी कितीही शास्त्रशुद्ध रीतीने वापरले, तरी ते कोणाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. वरच्या धरणांतील पाणी जायकवाडीकडे सोडावे की नाही, यावरून टंचाईच्या वर्षी नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जो तंटा उभा राहतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद केली, आणि तिचा अर्थ व अंमल यांविषयीचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. येथे वकिलाला नुसती कलमे पाठ असून भागत नाही. जलविज्ञानाचे कोष्टक वाचता यावे लागते, पीकपद्धती समजावी लागते, आणि हक्क व न्याय यांविषयीचा तात्त्विक विचारही करावा लागतो. कायद्याचे शिक्षण म्हणजे केवळ कचेरीतील वकिली नव्हे. पाणी, जमीन, वने, पेटंट आणि माहितीचा अधिकार यांविषयी अभ्यासपूर्वक लिहिणाऱ्या, सल्ला देणाऱ्या आणि कायद्याचे मसुदे रचणाऱ्या माणसांची निकड शासनाला आणि समाजाला सतत भासते.

मानव्यविद्यांविषयी तर अधिकच गैरसमज आहेत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली आणि त्यानंतर नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले, आणि तांबूस भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या प्राचीन शेतकऱ्यांच्या त्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव जगभरच्या पुरातत्त्वग्रंथांतून रूढ झाले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार शिल्पे सापडली, तेव्हा त्यांचा काळ ठरविण्याच्या वादात रसायनशास्त्रानेही साक्ष दिली : धातूत आढळलेले आर्सेनिकचे प्रमाण इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंशी जुळत नाही, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी नोंदविला. नेवाशात १२९० साली जी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तिच्या भाषेचा भाषाशास्त्रीय अभ्यास मु. ग. पानसे यांनी त्याच डेक्कन कॉलेजात केला. निजामशाहीच्या इतिहासाला फारसीवाचून आणि पेशवाईतील महसुलाच्या दप्तराला मोडीवाचून हात घालता येत नाही, आणि या दोन्हींत पारंगत असलेली तरुण माणसे आज फार थोडी आहेत. जेथे जाणकार थोडे आणि वाचावयाचे कागद अगणित, तेथे परिश्रमी विद्यार्थ्याला स्थान मिळण्याची शक्यता गर्दीच्या शाखांपेक्षा कमी नाही.

अलीकडचे उदाहरण बिबट्याचे घ्या. अकोले परिसरातील शेतशिवारात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे वावरतात, असे त्यातून निष्पन्न झाले. परंतु ही माणसे त्या प्राण्यासह राहतात कशी, वाघोबा या देवतेविषयीची श्रद्धा त्यांना काय शिकविते, हे समाजशास्त्राने पाहावयाचे. आणि शेळी मारली गेल्यावरचा पंचनामा, भरपाई व १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम यांचा विचार कायद्याने करावयाचा. प्रश्न एक असतो. विद्याशाखा मात्र त्याला निरनिराळ्या दारांनी भिडतात. म्हणून मुलाला कोणत्या शाखेत ‘घालावे’ हे विचारण्याआधी त्याला कोणता प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, हे विचारले पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळू. कृषी पदवीचा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर आणि तीन वर्षांचा पदवीनंतर घेता येतो, व त्यांसाठीही राज्याची प्रवेश परीक्षा आहे. मूलभूत विज्ञानाची ओढ असणाऱ्याने पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेची प्रवेश परीक्षा ध्यानात ठेवावी. पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, व ही परीक्षा कायदा, इतिहास, पुरातत्त्व, मराठी अशा विषयांतही देता येते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थाही आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती व मुदती यांवर लक्ष ठेवावे, आणि जातीचा, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला आयत्या वेळी धावपळ न करता आधीच काढून ठेवावा.

या मार्गातील अडचणी झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या आहेत, अधिछात्रवृत्तीचे पैसे काही वेळा विलंबाने हाती पडतात, आणि मार्गदर्शक चुकीचा मिळाल्यास उमेदीची वर्षे वाया जाऊ शकतात. म्हणून संस्थेची मान्यता व मार्गदर्शकाचे प्रसिद्ध झालेले काम पाहावे, त्याच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. आणि आपल्या विषयाच्या जोडीला संख्याशास्त्र, नकाशाशास्त्र, एखादी जुनी लिपी किंवा परभाषा यांपैकी एक तरी कौशल्य पक्के करावे, म्हणजे अध्यापनाची जागा न मिळाली तरी बियाणे कंपन्या, अभिलेखागारे, वस्तुसंग्रहालये, जलव्यवस्थापनाच्या संस्था आणि कायद्याच्या सल्लागार कचेऱ्या यांची दारे उघडी राहतात.

पालकांना एवढीच विनंती आहे की, निर्णय घेण्यापूर्वी मुलाला एकदा राहुरीच्या विद्यापीठाची प्रक्षेत्रे, नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि जिल्हा न्यायालयाचे कामकाज दाखवा, तेथील जाणत्या माणसांना त्याला स्वतः प्रश्न विचारू द्या, आणि त्यानंतर तो जी शाखा मागेल, तिला शेजाऱ्याच्या मुलाचे गुणपत्रक न लावता संधी द्या.