रात्रीच्या बाजारातला स्टॉल: एक पदार्थ, पूर्ण हिशेब



मार्गशीर्ष-पौष आला की आपल्याकडे यात्रांचा हंगाम सुरू होतो. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीला खंडोबाचं लग्न, मांढरदेवला काळूबाई. या दिवसांत बऱ्याच गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: "यंदा आपणपण खाण्याचा स्टॉल लावूया का?" त्यासाठी अंतर्गत कर्जही मागितलं जातं. कर्ज गटाच्या बचतीतून जातं, म्हणजे ते सगळ्यांच्या घामाचं असतं. म्हणून या महिन्याचा धडा खाण्याच्या स्टॉलवर.

मलेशियातला रात्रीचा बाजार

मलेशिया देशात रात्रीच्या बाजाराला 'पासार मालाम' म्हणतात. पासार म्हणजे बाजार आणि मालाम म्हणजे रात्र. आपला 'बाजार' आणि त्यांचा 'पासार' मुळात एकच शब्द. आपल्या आठवडी बाजारासारखाच हा बाजार आज या भागात, उद्या त्या भागात भरतो. फरक एवढाच की तो संध्याकाळी लागतो आणि रात्री उठतो. क्वालालंपूर शहरात तामन कॉनॉट भागात दर बुधवारी भरणारा असा बाजार खूप लांबलचक म्हणून प्रसिद्ध आहे.

तिथे काय विकतात? काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मटण-चिकन, सोबत शेंगदाण्याची चटणी; त्याला 'साते' म्हणतात. 'आपाम बालिक' म्हणजे तव्यावर ओतलेली जाड आंबोळी. तिच्यावर शेंगदाण्याचा कूट, साखर आणि मका घालून ती दुमडून देतात. केळ्याची भजी असतात. तमिळ लोकांनी तिकडे नेलेल्या तांदळाच्या वाफवलेल्या शेवयाही मिळतात, वर ओलं खोबरं आणि गूळ. जिन्नस बघा: शेंगदाणा, मका, केळी, गूळ, खोबरं. यातलं आपल्या घरात काय नाही?

शिकण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. पहिली, बहुतेक गाड्यांवर एक-दोनच पदार्थ असतात. दुसरी, पदार्थ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तयार होतो. तिसरी, तो चालता चालता हातात धरून खाता येतो, त्यामुळे बसायला बाकडी लागत नाहीत.

आपला पदार्थ कोणता?

माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या सख्यांकडे बाजरी आणि हुलगा आहे. थंडीत गरम शेंगोळ्या किंवा बाजरीची भाकरी, झुणका आणि खर्डा यांना तोड नाही. कऱ्हाड-वाळव्याकडे अख्खा मसूर. थालीपीठ तर सगळीकडेच. सांगलीकडच्या सख्यांना भडंग सांगायची गरज नाही. वडापाव आणि भजीचे गाडे मात्र प्रत्येक यात्रेत रांगेने असतात. त्यांच्या शेजारी आपणही तेच मांडलं तर भाव पाडूनच विकावं लागतं.

सोपा नियम असा: एक गरम पदार्थ आणि जोडीला एक कोरडा. गरम पदार्थाच्या वासाने माणूस थांबतो. भडंगासारखा कोरडा पदार्थ तो घरी नेतो, आणि उरला तरी पुढच्या बाजारात चालतो.

आता हिशेब

समजा, तीन सख्यांनी थालीपिठाचा स्टॉल लावला. भाव 40 रुपये. खरी गर्दी संध्याकाळी 4 तास, म्हणजे 240 मिनिटं. एका थालीपिठाला तव्यावर 4 मिनिटं धरली तर एका तव्यावर 60 आणि दोन तव्यांवर 120 होतील. पीठ थापणं, तवा पुसणं यात वेळ जातो म्हणून 100 धरूया. समोर दहा हजार माणसं असली तरी आपण विकणार 100 थालीपिठंच. आपली विक्री तव्यावर ठरते.

- भाजणी, कांदा, कोथिंबीर, तेल, दही: 1,500 रुपये
- गॅस: 250 रुपये
- पत्रावळ्या: 150 रुपये
- जागा आणि वीज: 300 रुपये
- टेम्पो: 400 रुपये

एकूण खर्च 2,600 आणि विक्री 4,000 रुपये. "1,400 रुपये सुटले" असं वाटतं. पण तिघींची मजुरी? 400 रुपयांनी 1,200 झाले. खरा नफा 200 रुपये! मजुरी न लिहिता नफा मोजणं म्हणजे आपले कष्ट फुकट धरणं. शेतावर गेलो तर मजुरी घेतो, मग इथे का सोडायची?

आता तिसरा तवा आणि चौथी सखी घ्या. विक्री 150, म्हणजे 6,000 रुपये. माल 2,250, गॅस 375, पत्रावळ्या 225, जागा 300, टेम्पो 400, मजुरी 1,600. एकूण 5,150 रुपये. नफा 850 रुपये. जागेचं आणि टेम्पोचं भाडं तेवढंच राहिलं म्हणून नफा वाढला. दुसरा पदार्थ वाढवण्यापेक्षा दुसऱ्यांदा विचार करून तिसरा तवा वाढवावा, तो असा.

पाऊस आला, 70 च विकली, तर? दोन तव्यांच्या हिशेबात विक्री 2,800 आणि मजुरीसह खर्च 3,800. तोटा 1,000 रुपये. पण पीठ एकदम न मळता लागेल तसं मळलं, तर उरलेल्या 30 थालीपिठांचा सुमारे 450 रुपयांचा माल घरी परत येतो आणि तोटा 550 वर थांबतो. कोरडी भाजणी परत नेता येते, मळलेलं पीठ नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब कर्ज मागायच्या आधी करा.

स्वच्छता आणि कायदा

- छोट्या स्टॉललाही 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. प्रमाणपत्र दिसेल असं लावा.
- गरम पदार्थ गरमच ठेवा, म्हणजे 60 अंशांच्या वर. कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात.
- वर्तमानपत्रात खायला देऊ नका. छपाईच्या शाईत शिशासारखे विषारी पदार्थ असतात. पत्रावळी किंवा केळीचं पान वापरा.
- तेल काळं पडलं, फेसाळलं, धूर करू लागलं की टाकून द्या. त्यात नवं तेल मिसळू नका.
- पैसे घेणारे हात आणि पीठ थापणारे हात वेगळे ठेवा.
- यात्रेत ग्रामपंचायत व देवस्थानाकडे आणि शहरात नगरपालिकेकडे जागेची चौकशी आधी करा. भाड्याची पावती घ्या.

गर्दी आणि आग

25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळपास 300 भाविक गेले. त्यात बायका-मुलं किती होती हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. म्हणून स्टॉल कधीही पायरीवर, वळणावर किंवा अरुंद वाटेत लावू नका, भले तिथे गिऱ्हाईक जास्त असेल. वाटेवर तेल-पाणी सांडू देऊ नका. घरची 14.2 किलोची टाकी धंद्याला वापरायला परवानगी नाही. व्यवसायाची 19 किलोची टाकी घ्या. नळी तपासा, आणि वाळूची बादली जवळ ठेवा.

रात्री परत येण्याचा टेम्पो आधीच ठरवा. सगळ्यांनी एकत्रच निघायचं, पैशाची पिशवी घेऊन एकटीने नाही. क्यूआर कोड गटाच्या खात्याचा ठेवा, आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय फक्त गिऱ्हाइकाच्या मोबाईलच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका.

पुढच्या बैठकीत बोलूया

1. आपल्या गटाचा असा कोणता एक पदार्थ आहे, जो दुसऱ्या कुणाच्या गाड्यावर मिळत नाही?
2. तो पदार्थ 4 तासांत जास्तीत जास्त किती होईल? घरी घड्याळ लावून करून पाहा.
3. मजुरी धरून हिशेब मांडा. तोटा झाला तर तो कुणी, कसा सोसायचा हे आधीच ठरवून ठराव वहीत लिहा.

आधी गावच्या आठवडी बाजारात एक दिवस स्टॉल लावून पाहा. तिथे माल कमी लागतो, माणसं ओळखीची असतात आणि काय चुकतंय ते लगेच कळतं. त्या दिवसाचा हिशेब बैठकीत वाचा आणि मगच यात्रेसाठी कर्जाचा अर्ज लिहा.